मी भातात मका घातला तो दिवस

संपादकसाहेबांचं पत्र आलं. पुराच्या वेळी तुम्ही तिकडे होता, तर संकटात साधी माणसं परक्यांच्या मदतीला का धावतात, यावर अनुभव लिहा, असं त्यात होतं. पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून बाजूला ठेवलं. एक तर मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. नोकरी केली ती शाळेतच, पण वर्गात नाही, चुलीपुढं. दुसरं म्हणजे, त्या वेळी धावलेल्या माणसांत माझं नाव चुकून पडलंय. माझ्या हातून तेव्हा काय झालं ते कळलं तर संपादकसाहेब पत्र परत मागतील.

तरी लिहितो. 'का' ते मला सांगता येणार नाही. पाहिलं तेवढं सांगतो.

मी मूळचा माण तालुक्यातला. ऐंशीच्या दशकात एका ओळखीच्या मास्तरांनी चिठ्ठी दिली आणि मी गडचिरोलीच्या जंगलातल्या एका निवासी आश्रमशाळेत आचारी म्हणून लागलो. घरून निघाल्यावर तिसऱ्या दिवशी पोचलो. शेवटचे बारा किलोमीटर पायी. आईनं बांधून दिलेल्या भाकरीला वास लागला होता, तरी टाकवेना म्हणून शाळेच्या पायरीवर बसून खाल्ली. आजही कुणी विचारलं, तर त्या नोकरीनं मला माणसात आणलं असंच मी सांगेन. तिचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ती जाईल ही भीतीही पहिल्या दिवसापासून होती.

सव्वाशे-दीडशे पोरांचा भात म्हणजे घरच्या भातासारखा भात नव्हे. घरी बोटाचं पेर बुडवून पाणी बघतात. इथं पातेल्यात माणूस बुडेल. आम्ही पातेलं म्हणतो, इकडचे लोक त्याला गंज म्हणतात. तांदूळ अर्धाकच्चा असतानाच खालचा जाळ ओढून घ्यायचा, झाकणावर ओलं पोतं टाकायचं, वर निखारे पसरायचे आणि झाकणाला हात लावायचा नाही. मन उचल उचल म्हणतं, तेव्हा बाहेर जाऊन उभं राहायचं. तांदूळ जुना असेल तर पाणी जास्त पितो आणि फुलतो. नवा असेल तर लगदा होतो. एकदा नागपूरहून तपासणीला एक साहेब आले. त्यांनी डाळीत बोट घालून चव घेतली आणि विचारलं, "रोज अशीच करता का?" मी घाबरून म्हणालो, "नाही साहेब, आज तुम्ही येणार म्हणून." खरं तर रोज अशीच करायचो. पण घाबरलेला माणूस खरं असतं ते सोडून काहीही बोलतो.

स्वयंपाकघरात मला मदतीला शेवंताबाई होत्या. ब्रह्मपुरीकडच्या, बौद्ध, नवरा वारल्यावर कामाठी म्हणून लागलेल्या. माझ्याआधी दहा वर्षं त्या तिथं होत्या. जंगलातल्या माडिया लोकांची बोली त्यांना येत होती, मला येत नव्हती. त्या मला भाऊ म्हणायच्या आणि पोरगा समजायच्या.

माझं दुसरं वर्ष. श्रावणात पाऊस सलग सहा दिवस पडला. सातव्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होतो. लाकडं ओली, डोळ्यांतून पाणी. शेवंताबाई दारात येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

"भाऊ, बाहेर या. नदी पाहा."

नदी शाळेपासून अर्ध्या कोसावर होती. म्हणजे काल होती. आता ती धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, आली होती, आणि तिच्यापुढं माणसं चालत येत होती. खालचं गाव सगळंच्या सगळं. डोक्यावर काही नाही, हातात काही नाही. एकाच्या खांद्यावर कोंबडा होता, तेवढाच. रडणं नाही, ओरडणं नाही. एवढी माणसं इतकी गप्प चालताना मी कधी पाहिली नव्हती. मेलेल्याच्या मागंही लोक थोडं बोलतात.

दोन-अडीचशे असतील. वर्ग उघडले, बाकं बाहेर काढली. त्यांच्यात रैनी नावाची एक बाई होती, दिवस भरलेली. दुपारपर्यंत तिसरीच्या वर्गात ती बाळंत झाली. शेवंताबाईंनीच सगळं केलं. माझ्याकडून फक्त गरम पाणी मागितलं, आणि मी ते देताना दोनदा सांडलं. मुलगी झाली. रैनीचा नवरा खुंट्याची गुरं सोडायला म्हणून मागं वळला होता. गावचा पेरमा, म्हणजे त्यांचा पुजारी, तोही देवाच्या वस्तू आणायला त्याच्याबरोबर गेला होता. दोघंही आले नाहीत.

रस्त्यावरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, पाण्याखाली. तालुक्याची वाट बंद. कोठीत पाणी शिरून खालच्या थराची पोती भिजली, तांदळाला बुरशी आली. अधीक्षक सुटीवर गेलेले, ते पलीकडं अडकले. किल्ली माझ्याकडं. दोन दिवस मी पातळ पेज केली. तिसऱ्या दिवशी सकाळी चांगला तांदूळ मोजून पाहिला. पोरं आणि पाहुणे धरून अर्ध्या वेळेलाही पुरला नसता.

त्याच वेळी धानाच्या बांध्यांतून मंडळी येताना दिसली. पाण्यात केळीचे खांब बांधून तराफे केलेले, आणि चार-पाच माणसं कमरेएवढ्या पाण्यातून ते ढकलत होती. ते बंगाली कॅम्पातले लोक. पूर्वी निर्वासित म्हणून आलेले, सरकारनं या जंगलात जमिनी देऊन वसवलेले. पुढं निताई होता. बाजारात मासळी विकायचा, तेवढी आमची ओळख. तराफ्यांवर मक्याची कणसं आणि काकड्या होत्या.

"निताईदादा, एवढ्या पाण्यातनं?" मी म्हणालो.

"घर में बैठके क्या करेगा, दादा? बीवी बोली, मका तुम ले जाता है या मैं जाऊं? हमको मालूम, वो सच में जाएगी. फिर खाना कौन पकाएगा?" तो हसला. दात थडथडत होते. मग व्हरांड्यात ओळीनं बसलेल्या माणसांकडं त्याचं लक्ष गेलं आणि हसू गेलं. "हम लोग भी ऐसाच बैठा था," एवढंच म्हणाला आणि पुढची खेप आणायला पाण्यात उतरला.

माझ्या अंगात जोर आला. आचाऱ्याची हीच तर वेळ! मका सोलायला लावला, दाणे उकडून घेतले आणि तांदळात मिसळले. अर्ध्या वेळेचा भात दोन वेळांचा झाला. काकडीची कोशिंबीर केली. उद्यासाठी पायलीभर तांदूळ राखून ठेवला होता, तोही मी हुरूपानं गंजात ओतला. म्हटलं, तीन दिवसांनी पोटभर जेवू देत. झाकण काढलं तेव्हा पिवळे दाणे टाकलेला तो भात इतका देखणा दिसला की मी निताईला हाक मारून दाखवला.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. मी आणि शेवंताबाई वाढत गेलो. शेवटच्या पानापर्यंत पोचलो आणि मागं वळून पाहिलं.

कुणीच जेवत नव्हतं.

आधी वाटलं, सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबलेत. मी म्हणालो, "हं, बसा, जेवा." कुणी हललं नाही. भाताच्या वाफा येत होत्या आणि अडीचशे माणसं त्याकडं बघत होती. एका पोरानं पानाकडं हात नेला, तर आईनं मनगट धरलं. आमच्या शाळेतली पोरं, रोज माझ्या हातचं हाणणारी, तीसुद्धा हात मांडीवर ठेवून बसलेली. मला काही समजेना. भात करपलाय का? वास येतोय का? स्वतः मूठभर खाऊन पाहिला. चांगला होता.

मग मी ओरडलो. काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो. मी म्हणालो, "फुकटचं मिळतंय म्हणून माज आलाय का? तो माणूस मरत मरत मका घेऊन आला आणि तुम्हाला चव लागंना?" एवढ्यावर थांबलो नाही. बाळंतिणीपुढं गेलो. रैनी भिंतीला टेकून बसली होती, पोर छातीशी. पोरीचं रडणं सकाळपासून बारीक बारीक होत गेलं होतं. मी तिचं पान उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. "तू तरी खा! तुझ्या पोरीसाठी खा!"

तिनं ते पान दोन्ही हातांनी उचललं, अगदी सांभाळून, एक दाणाही न सांडता, आणि परत खाली ठेवलं. मग तोंड भिंतीकडं केलं.

शेवंताबाईंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"काऊन ओरडून राह्यले, भाऊ? त्यायले चालत नाई."

"काय चालत नाही?"

"नवा मका. नवं पीक निंगालं का आधी त्यायचा पंडुम होते. पेरमा देवाले दाखवते, मंग गाव तोंडात घालते. त्याच्या आंधी दाना बी नाई. खाल्लं त गावाले वाघ लागते, रोग लागते, म्हन्तेत. त्यायचा पंडुम झाला नाई अजून."

"मग करा म्हणावं पंडुम!"

"कोन करन? त्यायचा पेरमा नदीत गेला न."

मी गंजाकडं पाहिलं. मला आत्ता कळलं मी काय केलं होतं. मका वेगळा शिजवला असता तर भात तरी खाता आला असता. सगळा जुना तांदूळ, होता नव्हता तेवढा, मी माझ्या हातानं बाटवून ठेवला होता. कोठीत एक दाणा उरला नव्हता.

"मला आधी का नाही सांगितलं, बाई?"

"मी बाळंतिणीजवळ होती. तुमी इचारलं का कोनाले?"

नव्हतं विचारलं. अडीचशे माणसं दारात होती आणि मी एकालाही विचारलं नव्हतं.

निताई डोकं धरून पायरीवर बसला. त्याच्या कॅम्पातही जुना दाणा फारसा उरला नव्हता, त्यांचीच घरं गळत होती. रपटा किती दिवस बंद राहील, सांगता येत नव्हतं. शेवंताबाईंनी पदर खोचला. "वरच्या गावी जातो. लालसूले आनतो," म्हणाल्या. वरचं गाव डोंगरावर, पुरात न सापडलेलं. लालसू तिथला पेरमा, साठीच्या पुढचा. खालच्या गावातल्या एका म्हातारीला सोबत घेऊन त्या पावसात निघाल्या. मी गंजाखाली निखारे लावले आणि भात गरम ठेवत बसलो. दुसरं काय करणार?

दुपार कलता कलता ते आले. लालसू म्हणजे काडीसारखा माणूस, डोक्यावर मोरपंखाचा पंखा धरावा तसं पळसाचं पान. आल्याबरोबर तो व्हरांड्यातून चालत गेला, एकेक पान पाहिलं. थंड झालेला भात, सगळी पानं भरलेली. तिसरीच्या वर्गाच्या दारात थांबला. पोरगी आता रडतही नव्हती, नुसती तोंड उघडत होती. मग तो स्वयंपाकघरात आला.

"कोन रांधलं?"

शेवंताबाईंनी माझ्याकडं बोट केलं.

त्यानं गंजात वाकून पाहिलं. मग जमिनीवर बसला आणि म्हातारीशी त्यांच्या बोलीत बोलू लागला. शेवंताबाई मला हळू हळू सांगत होत्या. त्याच्या स्वतःच्या गावाचा पंडुमही अजून झालेला नव्हता, दिवस ठरायचा होता. दुसऱ्या गावचा पंडुम करायचा त्याला अधिकार नाही. वेळेआधी आणि परक्या गावासाठी केला, तर देव गावाला धरत नाही, करणाऱ्याला धरतो.

"मग?" मी विचारलं.

"मंग तो म्हन्ते, धरू दे."

त्यानं माझ्याकडून न उकडलेली दोन कणसं मागितली. नशीब, पोत्याच्या तळाशी होती. खालच्या गावातला तो एकुलता कोंबडा कुणीतरी बळी द्यायला आणून दिला, पण लालसूनं तो परत केला. "याले ठेवा. आता हाच तुमचं गाव हाय," म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्या माणसांत थोडं हसू फुटलं. चुलीमागं जमीन सारवून त्यानं पानावर दाणे मांडले, पाणी शिंपडलं आणि बोलू लागला. मला मंत्राबिंत्रासारखं वाटलं नाही. घरातल्या मोठ्या माणसाशी वाद घालावा तसा तो बोलत होता, मध्येच छातीवर हात आपटून. शेवंताबाईंनी सांगितलं, "स्वतःचं नाव घेऊन राह्यला. घराचा ठिकाना सांगून राह्यला. कोनाले धराचं थे देवाले सापडलं पाह्यजे म्हनून."

मी गंजाखालचे निखारे उगाच मागंपुढं सारू लागलो.

पहिला घास त्यानं रैनीच्या हातावर ठेवला. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि मग तोंडात घातला. त्यानंतर व्हरांड्यात जो आवाज झाला, अडीचशे माणसांच्या जेवणाचा, तो मी आयुष्यभराच्या पंगतींत पुन्हा ऐकला नाही. पोरगी जगली. दुसऱ्या दिवशी तिच्या रडण्यानं शेजारच्या वर्गाला झोप येईना, इतकी.

लालसू जेवला नाही. मी पान वाढलं, तर मान हलवली. मला वाटलं, पेरम्याचा तसा नियम असेल. पुन्हा विचारलं नाहीच.

पूर आल्यापासून सहाव्या दिवशी रपटा उघडला. ट्रक आले, तांदूळ आला, ब्लँकेटं आली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि वरिष्ठांना पाठवायच्या कागदात माझं नाव घातलं. नोकरी पक्की झाली ती त्या कागदामुळं. मी तोंड उघडलं नाही.

थंडीत धान कापून झालं. घरोघरी नवा तांदूळ. एका सकाळी लालसू स्वयंपाकघराच्या दारात आला. आणखी वाळला होता, गालाची हाडं वर आलेली. हातात मधाचं पोळं, पानात बांधलेलं.

"भाऊ, जुना तांदूळ हाय का? मागच्या सालचा? थोडा दे."

कोठीत होता. सरकारी पोती मागच्या सालचीच असायची. पण आठ दिवसांपूर्वीच नवीन अधीक्षक आले होते आणि ते पोत्यांच्या शिवणी तपासत. माझ्या डोळ्यांपुढं तीन दिवसांची वाट आणि माणचं कोरडं रान आलं.

"नाही," मी म्हणालो. "संपला."

तो "बरं" म्हणाला. पाणी मागून प्याला. मधाचं पोळं तिथंच ठेवलं, म्हणाला, "पोरायले दे," आणि गेला.

शेवंताबाई दळण घेऊन आल्या. मी सहज सांगितलं. त्यांनी डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी उठून उभा राहिलो.

"नाई म्हनलं तुमी? त्याले?"

"का, काय झालं?"

"त्यानं त्या दिसापासून नवीन दाना तोंडात घातला नाई, भाऊ. साल पुरं होतवरी घालनार नाई म्हन्ते. गावाचा पंडुम केला, साऱ्यायले खाऊ घातलं, स्वतः नाई. कोनाचा रिवाज नाई तो. त्यानं स्वतःच ठरवलं. देवानं घरच्या लेकरायले धरू नये, त्यालेच उपाशी पाहून शांत व्हावं म्हनून. कंदमुळं खाऊन राह्यला म्हातारा."

त्या दिवशी भात करपला. माझ्या नोकरीतला पहिला.

कोठीचं कुलूप काढून तांदूळ न्यायची माझी छाती झाली नाही. भित्रा माणूस एका दिवसात शूर होत नाही. पण माझ्या वाटचं जेवण माझं होतं. संध्याकाळच्या माझ्या भाताचा तांदूळ मी शिजवण्याआधी काढून ठेवू लागलो. तीन आठवड्यांत एक पिशवी भरली. रविवारी डोंगर चढलो.

लालसूच्या अंगणात रैनी बसलेली. पोर पाठीला बांधलेलं, गुटगुटीत. तिच्यापुढं टोपलीत मूठ-मूठ दाणे, वेगवेगळ्या पानांत बांधलेले. सगळे जुने. खालच्या गावाचे लोक, ज्यांच्या कणग्या नदीनं नेल्या, ते लांबलांबच्या सोयऱ्यांकडं जाऊन त्याच्यासाठी मागच्या सालचा दाणा मागून आणत होते. पाळीपाळीनं. कुणी सांगितलं नव्हतं. आठ-आठ कोस चालून एक मूठ.

मी पिशवी ठेवली आणि न विचारता राहिलेलं एकदाचं विचारलं. "लालसूदादा, ही रैनी तुमच्या गावची नाही, देव तिचा वेगळा. तुम्ही का घेतलंत अंगावर?"

तो खरंच गोंधळला. प्रश्न कळला नाही असं वाटून मी पुन्हा विचारणार होतो.

"समोर बसून होती न," तो म्हणाला. "तोंडावर नाई कसं म्हनाचं? तुले येते का?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. मी खाली मान घातली. मला येत होतं. त्यालाच म्हणून झालं होतं.

त्यानं पिशवीत हात घातला, दाणे बोटांत चोळले, माझ्याकडं पाहिलं. माझा सदरा अंगावर लोंबत होता. तो रैनीला काहीतरी बोलला. तिनं चूल पेटवली, माझ्याच तांदळातला दोन मुठी तांदूळ धुऊन चढवला. मी उठायला लागलो, तर लालसूनं खांद्यावर हात ठेवून बसवलं.

भात झाला. रैनीनं पान माझ्यापुढं मांडलं आणि वाढलं. लालसूचं पान रिकामंच होतं.

"आधी तू," तो म्हणाला. "लय दिवसाचा उपाशी दिसून राह्यला."